शालूबाईची पाठ

सुमनची बोटं थांबली.

तोवर सगळं नीट चाललं होतं. शालूबाई चटईवर पालथी पडली होती आणि सुमन कोमट करडईच्या तेलानं तिची पाठ चोळत होती. द्वारकाबाई उशाशी बसून लेकीचं काम बघत होती. पाच वर्षं तिनं पोरीला शिकवलं होतं. मणक्यावर कधी दाबायचं नाही, त्याच्या दोन्ही अंगांनी चालायचं. आधी हात नुसता ठेवायचा, अंग सैल पडलं की मगच जोर लावायचा. हातपाय चोळताना हात काळजाच्या दिशेनं ओढायचा. आज पोरगी यातलं काहीच चुकली नव्हती.

द्वारकाबाईला त्याचंच समाधान होतं. ती जवळा बाजार गावची विधवा बाई. पोरगी अठराची झाली तरी बिनलग्नाची, म्हणून बाया तोंडावर बोलायच्या. आणि आता माणिकरावचं स्थळ आपल्या पायानं चालून आलं होतं. शालूबाईचा एकुलता एक मुलगा, बाप वारलेला, चाळीस एकर काळी जमीन. जर्मनच्या लढाईचं चौथं साल, बाजारात कापड मिळेना, तरी त्यानं हिंगोलीहून नवरीचं लुगडं आणून ठेवलं होतं. परवा सुपारी फुटायची होती. तेवढ्यात शालूबाईचा निरोप आला. पाठ धरलीय, येऊन चोळून जा, पोरीलाही संगं आणा. सासूला सुनेचे हात बघायचे असतील, असं द्वारकाबाई धरून चालली. सोनाजीला, म्हणजे आपल्या भावाला, गाडी जुंपायला लावली आणि दोघी दोन कोसांवरच्या या गावी आल्या.

पाठ झाली तशी शालूबाई उठून बसली आणि तिनं डावा हात पुढं केला. हाताचंही बघ जरा, म्हणाली. त्या हातावर सुमनची बोटं थांबली होती.

द्वारकाबाईनं काय झालं म्हणून विचारलं. सुमननं आईचा हात धरला आणि त्या जागी नेऊन ठेवला.

मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, करंगळीच्या बाजूच्या हाडावर गाठ होती. मोडून जुळलेलं हाड. अजून हुळहुळं होतं, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं. शालूबाई काही सांगणार, त्याआधी ओसरीवरून माणिकरावचा आवाज आला. संक्रांतीला माय गाडीतून पडली, तवाचं हाये ते, म्हणाला. आवाज अगदी मऊ होता.

द्वारकाबाईनं मान हलवली. पण तिचा बाप तालमीत पैलवानांची हाडं बसवायचा आणि ती लहानपणापासून त्याच्याजवळ बसून शिकली होती. पडणारा माणूस तळवा टेकतो, मग मोडतं ते मनगट. करंगळीकडचं हाड असं मधोमध कशानं मोडतं, ते बापानं तिला हातात काठी घेऊन दाखवलं होतं. डोक्यावर येणारा वार माणूस हात आडवा धरून झेलतो, त्यानं. मघाशी डाव्या कुशीजवळ सुमनचे हात एकदम हलके झाले होते, ते तिला आता आठवलं. तिनं तिथं हात लावला. एक बरगडी आत दबून जुळली होती. तिच्या खालची जागा आजही गरम लागत होती.

शालूबाईचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात दुसरा माणूस एकच होता.

त्या वेळी द्वारकाबाईच्या मनात जे आलं त्याची तिला पुढं जन्मभर लाज वाटली. मायला मारतो म्हणून बायकोला मारीलच असं कुठं आहे. लग्न झालं की निवळेल. चाळीस एकर. मग तिनं सुमनकडं बघितलं. पोरगी रडत नव्हती. तेलानं माखलेले हात मांडीवर ठेवून ती आईच्या तोंडाकडं बघत होती, निकाल ऐकायला बसल्यासारखी.

द्वारकाबाई उठून ओसरीवर गेली. माणिकरावला तिनं सांगितलं की बाईच्या पाठीच्या शिरा आखडल्यात, एका चोळण्यानं भागणार नाही. एकवीस दिवस चोळावं लागेल, शेक द्यावा लागेल. आपल्या घरी नेते. सुपारीचं त्यानं काढलं, तेव्हा ती म्हणाली की नवऱ्या मुलाची माय नसताना सुपारी फोडणं शोभत नाही, जरा पुढं ढकलू. माणिकरावनं आत, मायकडं, बराच वेळ बघितलं.

"नीट करून धाडा," तो शेवटी म्हणाला. "लग्नात कामाला लागंल."

गाडी गावाबाहेर पडली. ओढा ओलांडला. सोनाजी बैल हाकत होता. मग द्वारकाबाईनं धीर केला.

"शालूबाई, मी खोटं बोलले. तुमच्या शिरा काई आखडल्या न्हाईत. आन् माझी पोरगी मी तुमच्या घरात देत न्हाई. तुमाला वाईट वाटंल."

गाडी दगडाधोंड्यांतून आदळत चालली होती, आणि शालूबाई ताठ बसली होती. तिनं सुमनचा हात आपल्या हातात घेतला.

"माझी पाठ दुखतच न्हवती, द्वारकाबाई," ती म्हणाली. "तोंडानं सांगायची हिंमत न्हवती. म्हनलं, तुमच्या हाताला तरी कळंल."