जावयाचा रुसवा

सासूबाईंनी पुढे केलेलं अनारशांचं ताट जावयाने मागे सारलं. एक हात पोटाशी होता. "नको. सकाळी बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे खाली सरकलंय."

अधिक महिन्यात जावई जेवायला नको म्हणतो, म्हणजे पोटदुखीचं नुसतं निमित्त. मानपानात काहीतरी चुकलं. सासूबाईंनी डोळ्यांनी खुणावलं. सासऱ्यांनी निमूटपणे आतून सोन्याची अंगठी आणून त्याच्या बोटात चढवली. "आता तरी रुसवा सोडा, जावईबापू!"

अंगठी बघून जावई क्षणभर खुलला, पण लगेच कळवळून वाकला.

तूप घेऊन आलेली लेक थबकली. "बाबा, हे माझ्यावर आठ-आठ दिवस रुसतात, पण जेवणावर कधीच नाही. आधी गाडी काढा!"

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. वेळेवर आणलंत."

शुद्धीवर येताच जावयाने बोट चाचपलं. मोकळं होतं.

"नर्सने काढून माझ्याकडे दिली," सासरे म्हणाले. "पण तुम्ही रुसला नव्हतात, असं कळलं. म्हटलं, मग राहू दे घरातच."

जावयाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता रुसलोय."