फणसाचा बास

"बास गिटार हा संगीताचा कणा आहे," असं हौशी गिटार-कारागिरांच्या मेळाव्यात जाहीर करून दिगंबर सामंतांनी अकरा महिने फणसाच्या लाकडातून घडवलेला कणा पहिल्यांदाच गळ्यात अडकवला. बटणं हनुवटीखाली आली, वर हवी ती जाड तार तळाला गेली.

"साहेब, साचा उलटा ठेवून कापलात," शेजारी उभे असलेले कारागीर डिसोझा म्हणाले. "हा डावखुऱ्याचा झाला."

तिथे डावखुरा एकच, सामंतांचा मेहुणा विश्राम. तो वाजवायचा बरा, पण सामंतांना त्याला खाताना बघवत नसे. हातातली भजी संपवून, बोटं चाटून त्यानं बास घेतला. नव्या पॉलिशवर तेलाचे पाच ठसे उमटले. सामंतांनी खिशातला रुमाल काढला.

मग खर्ज घुमला. खुर्च्या थरथरल्या.

"भावोजी, काय बोलतोय हो हा."

"विश्राम, अजून एकदा वाजव," सामंत म्हणाले. "फक्त आधी हात धुऊन ये."