तिसरं घर

"पहिल्यांदाच पक्षी घेतोय आम्ही. पोरीला हा झेपेल ना?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"डोळे झाकून न्या, साहेब," दुकानाचा मालक म्हणाला. "सुरुवात करायला याच्यासारखा पक्षी नाही. गरीब गाय आहे नुसती. विचारा की काकूंना, त्याच सांभाळतात त्याला."

काकू कोपऱ्यात बसून एका पिंजऱ्याचा तळ खरवडत होत्या. नऊ वर्षं त्या या दुकानात पक्ष्यांचं दाणापाणी आणि साफसफाई बघत होत्या. आपलं नाव मालकानं मध्ये ओढलं, याचाच त्यांना आधी राग आला.

गरीब गाय म्हणे!

हा मोठा, निळ्या पाठीचा मकाव पोपट दोनदा विकला गेला होता आणि दोनदा परत आला होता. पहिल्या घरानं चार महिन्यांत आणून टाकला, ओरडतो म्हणून. दुसऱ्या घरानं त्याचं ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून पिंजरा न्हाणीघरात ठेवला. तिथून आला तेव्हा त्याच्या छातीवर एकही पीस नव्हतं. सगळी त्यानं स्वतःच उपटली होती. गिऱ्हाईक बिचकेल म्हणून मालकानं त्याला मागच्या खोलीत ढकलला. काकू रोज दुपारी डबा घेऊन त्याच्यापाशी बसायच्या. घरातलं काहीबाही सांगायच्या, अक्रोड द्यायच्या. चौदा महिन्यांनी छाती पुन्हा पिवळ्या पिसांनी भरून आली.

आणि आज सकाळी मालकानं तो पिंजरा उचलून दुकानात पुढं आणून ठेवला. "काकू, अगदी विकण्याजोगा केलात हो त्याला," असं वर हसून म्हणाला. ते वाक्य सकाळपासून त्यांना सलत होतं.

गिऱ्हाइकाची आठ-नऊ वर्षांची मुलगी लहान पक्ष्यांच्या पिंजऱ्यापाशी उकिडवी बसली होती. "बाबा, यातले दोन घेऊ या ना."

"त्या चिमण्यांत काय आहे? घ्यायचा तर दिसेल असा घ्यावा. चार माणसं आली तर नाव काढतील."

काकू हात पुसत उठल्या. "दिवसा घरी कोण असतं, साहेब?"

"दिवसा कोण असणार? आम्ही दोघं कामावर, ही शाळेत."

"म्हणजे हा एकटा."

"पक्षी आहे हो तो. बसेल पिंजऱ्यात."

मालक खाकरला. "काकू, मागं पाणी भरायचं राहिलंय वाटतं."

"सकाळीच भरलंय." काकूंनी डाव्या हाताचं बोट मुलीपुढं धरलं. त्याचं वरचं पेर वाकडं होतं. "हे यानंच केलं बरं का, बाळा. रागानं नाही, घाबरून. दुसऱ्या घरातून आला त्या दिवशी. अक्रोड फोडणारी चोच आहे ती, बोटाची काय कथा."

मुलीनं बोटाकडे पाहिलं, मग पोपटाकडे. "मी शाळेत गेले की तो काय करेल?"

"वाट बघेल. मग ओरडेल. तरी कुणी आलं नाही, तर स्वतःची पिसं उपटत बसेल. आणि हा वर्षा-दोन वर्षांचा सोबती नाही. तू आजी होशील तेव्हाही हा असेल."

"दुसऱ्या घरातून म्हणजे?" गिऱ्हाईक मालकाकडे वळलं. "तुम्ही तर म्हणालात, नवीन आहे."

मालकानं हसून पाहिलं, पण हसू काही नीट जमलं नाही.

"तुमचा हा पहिला पक्षी असेल, साहेब," काकू म्हणाल्या. "त्याचं तुम्ही तिसरं घर असाल."

मुलगी उठली आणि बापाचा हात धरून म्हणाली, "बाबा, नको हा. आपल्याकडे नको."

बापानं काहीच घेतलं नाही. दारातून वळून मालकाला तेवढं म्हणाला, "आधी तुमच्या माणसांना गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवा."

दार लागलं तसा मालक उसळला. "माझ्याच दुकानात उभं राहून माझ्याच पोटावर पाय देता? एवढा पुळका आहे तर घरी न्या त्याला. आत्ताच न्या. फुकट देतो."

हा विचार काकूंनी वर्षभरात शंभर वेळा करून पाहिला होता. एक खोली. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा मुलगा. भिंतीला भिंत लावून शेजार. आणि त्या स्वतः सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथं.

"नाही नेणार," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेही त्याचे हालच होतील. ते मला कळतं म्हणून मी नाही म्हणते. तुम्ही कळूनसवरून दुसऱ्याच्या गळ्यात बांधता."

मालकानं टेबलावरचे कागद उगाच इकडचे तिकडे केले. मग मान वर न करताच म्हणाला, "न्या तो पिंजरा मागं. पुढच्या वेळी गिऱ्हाईक येईल तेव्हा तुम्ही सुट्टीवर असाल."

काकूंनी पिंजरा मागच्या खोलीत नेला, दार उघडलं आणि हात आत घातला. पोपट एकेक पाऊल टाकत त्यांच्या मनगटावर चढला. हात रागानं अजून थरथरत होता. पोपटानं पाय जरा फाकवले, तोल सावरला आणि त्या थरथरत्या हातावरच बसून राहिला.