अर्जावरचा शेरा

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि बेंबळीचं दूध संकलन केंद्र नजरेपुढं आणा. दारात कॅनची रांग, आत पंख्याखाली मॅनेजर कृष्णराजसाहेब. केंद्रात पाऊल टाकलं की त्यांना साहेबच म्हणायचं. त्यातून कुणालाच सूट नव्हती.

शिवांजली तिसऱ्यांदा त्यांच्या टेबलासमोर उभी होती. दोन महिने तिनं रोज नोंदी केल्या होत्या. उघडा कॅन उन्हात किती तापतो आणि ओलं गोणपाट गुंडाळलेला किती, सगळं तारखेनिशी. ती वही साहेबांनी एकदा बघावी, एवढंच तिला हवं होतं.

"ठेव तिथं. बघतो," कानावरचा फोन न काढता साहेब म्हणाले.

संध्याकाळी वही तिथंच होती. वर चहाच्या कपाचा गोल डाग.

शिपाई सिदूला राहवलं नाही. "शिवांजलीताई, तुमी लई साध्या. साहेब वही बघत न्हाईत, अर्ज बघतात. अर्ज करा."

"काय लिहू, सिदूकाका?"

"कुठं, किती वाजता, काय दाखवणार. बस्स. रडगाणं नको, त्याचा साहेबांना लई कंटाळा."

तिनं कागद तीनदा लिहून काढला. 'उद्या सकाळी अकरा वाजता शाळेच्या हॉलमध्ये मी प्रयोग करून दाखवणार आहे. आपण स्वतः हजर राहावे, ही नम्र विनंती.'

सिदूनं तो टपालाच्या फायलीत सगळ्यात वर ठेवला. साहेबांच्या एका हातात फोन, दुसऱ्यात पेन. नेहमीसारखी सही झाली आणि सहीवर, कुणी जायचं त्याचा शेरा.

कागद घेऊन सिदू बाहेर आला, पण मान वर करेना.

'सिदू यांनी हजर राहावे.'

"म्याच सांगितलं अर्ज करा म्हणून," तो पुटपुटला. "परत आत जाऊ का? सांगतो त्यांना."

"नको," कागदाची घडी घालत शिवांजली म्हणाली. "तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी अकराला सिदू धुतलेला सदरा घालून हॉलच्या दाराशी उभा राहिला. आत सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. शिवांजलीनं दोन बाटल्या मांडल्या, एकीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि दाराकडं बघितलं.

"पाचवीची शिवांजली कृष्णराज," नव्या बाईंनी यादीतलं नाव वाचलं. "तुझे पप्पा आलेत का गं?"

शिवांजली दारापर्यंत गेली, सिदूचं बोट धरून त्याला पुढं घेऊन आली आणि म्हणाली, "आलेत, बाई. हे माझे पप्पा."