बोटभर फेस

बहात्तरच्या दुष्काळात सोलापूरच्या प्रयोगशाळेत पाणी मोजून मिळे. निरोगी उंदराच्या कुटलेल्या काळजावर, म्हणजे यकृतावर, पेरॉक्साइड टाकलं, की नळीभर फेस चढे. कर्करोगाची गाठ असलेल्या उंदराचा बोटभरच चढला. "पाणी वाचवायला नळी न धुता तशीच ठेवलीस ना, चंद्रव्वा?" संशोधक सबनीसबाई चिडल्या. नळ्या धुणं हे चंद्रव्वाचं काम. महादेवाचं नाव घेत, घोटघोटभर का होईना, अकरा पाण्यांनी विसळल्याशिवाय ती कुठलीही नळी खाली ठेवत नसे. "तुमीच धुवून बघा की, बाई." बाईंनी धुतली. फेस पुन्हा बोटभरच! चंद्रव्वा उंदराकडे वाकली. "गाठ तर मांडीत हाय. काळजाला कुनी कळवलं?" बाई थबकल्या. त्यांनी गाठ कुटून रस निरोगी उंदराला टोचला. दुसऱ्या दिवशी त्याच्याही काळजाचा फेस बोटभरच. "गाठीतलंच काहीतरी काळजापर्यंत जातंय, चंद्रव्वा! पण काय?" चंद्रव्वा नळी विसळायला बसली. सातवं पाणी की आठवं? पहिल्यांदाच तिची मोजणी चुकली.