कागदावरचा पाय

खिशाला पेन लावलेला माणूस टपरीकडे येताना दिसला, तसा बाळाजी पटकन उजव्या पायानं लंगडायला लागला. माणूस दोन झेरॉक्स काढून गेला. बाळाजी परत डाव्या पायानं लंगडायला लागला.

पोलिओनं गेलेला पाय डावाच. पण अपंगाच्या दाखल्यावर कुणीतरी 'उजवा' टाइप करून ठेवला होता. आणि बाळाजीनं दाखला हातात पडल्या पडल्या, न वाचता, हौसेनं आपल्याच मशीनवर लॅमिनेट केला होता.

"प्लास्टिकच्या आतलं आम्ही खोडत नाय," ऑफिसातला क्लार्क म्हणाला होता. "नवीन पायजे तर आधी लिहून द्या, हा खोटा होता म्हणून."

आता बदलापुरात बोगस अपंग शोधायला माणसं फिरत होती. टपरी अपंगांच्या कोट्यातली. पाय चुकला की टपरी गेली. म्हणून अनोळखी कुणी दिसला की कागदाप्रमाणे उजवा ओढायचा. सगळं वजन त्या मेल्या डाव्यावर. जीव जायचा.

"काय रे, आज उजवा?" शेजारचा रसवाला संतोष डोळे बारीक करून म्हणाला. "सोमवारी डावा होता ना?"

"तू ऊस पीळ."

दुपारी तपासणीच्या मॅडम आल्याच. "चालून दाखवा."

बाळाजी उजवा ओढत विजेच्या खांबापर्यंत जाऊन आला. मॅडम टिक मारणार, तेवढ्यात संतोष ओरडला, "मॅडम, माणूस गेला की पाय बदलतो हा! मी रोज बघतो."

बाळाजीनं डावी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. आत काठीसारखा सुकलेला पाय. "हा बघा ना मॅडम. लहानपणापासून हाच गेलाय."

मॅडमनी पायाकडे पाहिलं, मग दाखल्याकडे. "हा कागदावर धडधाकट आहे. उजवा दाखवा."

उजव्याची पोटरी, इतकी वर्षं दोघांचं ओझं वाहून, दगडासारखी टणक झालेली. मॅडमनी पेनानं टोचून बघितली आणि लिहिलं, 'बोगस.'

टपरीला सील लागलं. बाळाजी घरी निघाला, डावा पाय फरफटत.

"आता कशाला लंगडतोय?" रस प्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं.

संतोषनं ग्लास पुढे केला. "सवय लागलीय बिचाऱ्याला. जाईल हळूहळू."