घोड्याला हात

मुलीनं उंट पुढे सरकवला, घड्याळाचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी तिला आपली चूक दिसली. समोरचा घोडा आता एका उडीत राजाला शह देणार होता, आणि त्याच उडीत तिचा वजीरही त्याच्या तावडीत सापडणार होता.

समोर बाप बसला होता. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, रविवारचा खेळाडू, मानांकन लेकीहून सातशेनं कमी. या स्पर्धेत मात्र त्याला काय झालं होतं देव जाणे, भल्याभल्यांना धूळ चारत तो शेवटच्या फेरीत नेमका तिच्याच पटावर येऊन ठेपला होता. ती जिंकली तर राष्ट्रीय संघात जाणार होती. बरोबरीही पुरणार नव्हती.

बापाला चाल दिसली. त्याचे कान लाल झाले. हात घोड्यापाशी गेला, दोन बोटं घोड्याच्या मानेवर टेकली, तशीच राहिली. मग कडेचं एक बिनकामाचं प्यादं एक घर पुढे ढकलून तो मोकळा झाला.

मुलगी वाचली होती. तिनं हात वर करून पंचांना बोलावलं.

"यांनी घोड्याला हात लावला. आता घोडाच चालवायला हवा."

"छे, कुठे लावला?" बाप म्हणाला.

पंच पटावर वाकले आणि त्यांना घामच फुटला. आपल्या फायद्यासाठी भांडणारे त्यांनी पोत्यानं पाहिले होते. इथे जिचा गळा कापला जाणार तीच सुरी पुढे करत होती, आणि ज्याला द्यायची तो हात मागे घेत होता.

"अगं, संघातली जागा जाईल तुझी," बाप कुजबुजला.

"जाऊ दे. लहानपणी तुम्ही मुद्दाम हरायचात आणि मी घरभर नाचायचे. बाबा, मी तुम्हाला खरंच कधी हरवलंय का, हे मला अजून माहीत नाही." ती रडायच्या बेतात होती. शेजारच्या पटांवरच्या माना वर झाल्या.

"काका, खरं सांगा," पंच हळूच म्हणाले. "लागला होता हात?"

बापानं पुढे ढकललेल्या प्याद्याकडे हात नेला.

"लागला होता."

त्यानं प्यादं जागेवर ठेवलं. घोडा उचलला, नेमक्या घरात ठेवला.

स्पर्धेत चाल तोंडानं सांगायची पद्धत नसते. तरी लेकीच्या डोळ्यांत बघून बाप म्हणाला, "शह."